नाव कुणाचं कोरायचं?

आज जरा वेगळ्या विषयावर बोलू. कर्जाचा हप्ता, बँकेचं लिंकेज, शेळीपालन यांना एक दिवस सुट्टी. आज बोलायचं आहे ते गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांबद्दल. सुटका झाल्यावर त्यांनी काय बांधलं, कशावर पैसा खर्च केला आणि त्यावर कुणाचं नाव कोरलं, याबद्दल. हा विषय लांबचा वाटेल, पण त्याची सुरुवात आपल्या मांडणीवरच्या भांड्यांपासून करता येते.

घरातलं एखादं जुनं पातेलं उलटं करून बघा. त्याच्या काठावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. कुणाच्या लग्नात, कुणाकडून भेट, कोणती तारीख. आम्ही गटांच्या बैठकांसाठी जळकोट तालुक्यातल्या गावांत आणि तांड्यांवर फिरतो, तेव्हा बसायला घातलेल्या सतरंजीवर, मंदिराच्या पायरीवर, सभामंडपाच्या खांबावर अशी नावं वाचतो. दान दिलं की नाव घालायचं, ही रीत फार जुनी. इतिहासाचे अभ्यासक जुन्या काळातली माणसं शोधतात ती बरीचशी अशाच नावांवरून. दगडावर कोरलेल्या अशा मजकुराला शिलालेख म्हणतात. आपलं पातेलं म्हणजे घरातला छोटा शिलालेखच.

आता गुलाम म्हणजे कोण, ते आधी समजून घेऊ. ज्याची खरेदी-विक्री होते, ज्याच्या कष्टावर, अंगावर, लेकरांवर मालकाचा हक्क असतो, तो गुलाम. आपल्याकडे ही गोष्ट नव्हती असं समजू नका. पेशवाईतल्या कागदांत बटीक, कुणबीण असे शब्द येतात. त्या विकत घेतलेल्या बाया असत. गुलामाचं पहिलं काय जातं, तर नाव. नवा मालक नवं नाव ठेवतो. आईनं पाळण्यात ठेवलेलं नाव कुणी विचारत नाही.

अशा नाव गेलेल्या एका माणसाची गोष्ट आपल्या मराठवाड्याची आहे. त्याचं नाव मलिक अंबर.

हा माणूस जन्मला आफ्रिकेत, आजच्या इथिओपिया देशात, साधारण १५४८ साली. आपल्याकडे त्या मुलखाला हबसाण म्हणत आणि तिथल्या लोकांना हबशी. त्याचं मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरातून तो बगदादला गेला. तिथल्या मालकानं त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. आपण अंबर म्हणजे आकाश समजतो. अरबी भाषेत अंबर म्हणजे एक किमती सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी अत्तरांची, रत्नांची नावं ठेवायची तिकडे रीत होती. नाव मोठं सुंदर, पण ते मालाला दिलेलं नाव.

पुढे तो समुद्र ओलांडून दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगीजखान स्वतःही हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. दख्खनेतल्या सुलतानांना असे लोक सैन्यात हवे असत. त्यांना इथं भाऊबंद नसत, वतनाचे वाद नसत. त्यामुळे त्यांची निष्ठा मालकाशीच राहील, असा हिशेब होता. कामात चांगला निघाला की असा माणूस वर चढत असे, आणि मालक वारला की बहुधा मोकळा होत असे.

१५७५ च्या सुमारास चंगीजखान वारला. त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं. ही बाई ध्यानात ठेवा, तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मोकळा झालेला अंबर काही वर्षं विजापूरकरांच्या चाकरीत होता. मग दीडशेच्या आसपास स्वार घेऊन तो निजामशाहीत परतला. १६०० साली चांदबीबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राज्य संपलं असंच सगळ्यांना वाटलं. तेव्हा अंबरनं परांड्याला निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला गादीवर बसवलं आणि स्वतः राज्याचा कारभार हाती घेतला. परांडा म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलंच. १६०२ साली नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेलं. त्यानंतरही तो वीस-बावीस वर्षं लढत राहिला. मराठे सरदार त्याच्याबरोबर होते. गनिमी काव्याची त्याची लढाई मोगलांना अखेरपर्यंत जड गेली.

लढाईची गोष्ट आज एवढीच. आज आपल्याला बघायचं आहे ते त्यानं काय बांधलं.

१६१० साली त्यानं खडकी नावाच्या छोट्या गावाच्या जागी नवं शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६१२ साली त्यानं तिथं भडकल दरवाजा उभा केला, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून. काळी मशीद त्यानं बांधली. तिथल्या जामा मशिदीचं मूळ बांधकामही त्याचंच. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे नहर.

ही नहर काय होती ते नीट समजून घ्या, कारण पाण्याचं दुखणं आपल्याइतकं कुणाला कळणार? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. खडकीलाही पाणी अपुरं होतं. अंबरनं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं, जमिनीत मुरलेलं पाणी धरलं. जमिनीखालून पक्क्या बांधकामाचा नळ काढला आणि त्याला बेतशीर उतार दिला, म्हणजे पाणी आपोआप शहराकडे वाहील. मोट नको, बैल नकोत. मधूनमधून विहिरीसारखी तोंडं ठेवली, तिथून उतरून गाळ काढता येई. नळ जमिनीखाली असल्यानं पाणी उन्हानं आटत नव्हतं आणि शत्रूच्या हाती सहज लागतही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या शहर हे पाणी प्यायलं.

आता एक गंमत बघा. अंबर १६२६ साली वारला. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, शहराचं नाव फतेहनगर केलं. १६५३ साली औरंगजेब सुभेदार म्हणून आला तेव्हा ते औरंगाबाद झालं. आपल्या काळात ते पुन्हा बदललं. शहराच्या पाटीवरचं नाव इतक्यांदा बदललं, पण नहरीला लोक आजही नहर-ए-अंबरीच म्हणतात. त्यानं जमिनीची मोजणी करून, मगदूर बघून सारा ठरवण्याची पद्धत घातली. तिलाही त्याच्या नावावरूनच मलिकंबरी म्हणत.

मग प्रश्न असा, की या माणसानं एवढं सगळं का बांधलं? राजधानी हवी, वस्ती वसवायची तर पाणी हवं, हे एक कारण झालंच. धर्मासाठी मशीद बांधली, हे दुसरं. पण आणखीही एक कारण आहे.

जन्मानं देशमुख असलेल्या माणसाला 'तू कोण' असं कुणी विचारत नाही. त्याचा वाडा असतो, पणजोबाची समाधी असते, गावातला मान असतो. विकत आणलेल्या माणसाकडे यातलं काही नसतं. त्याची वंशावळ त्याच्यापासून सुरू होते. म्हणून तो दगडात आणि पाण्यात आपली ओळख उभी करतो. मी इथला आहे, माझ्यामुळे या गावाला पाणी आहे, असं तो सांगतो. मशीद, दरवाजा, नहर ही त्याची सनद असते.

जन्मानं मोठे असलेल्यांना हे रुचत नाही. मोगल बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत अंबरला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकारानं १६१६ च्या सुमारास एक चित्र काढलं. भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर जहांगीर बाण मारतो आहे, असं ते चित्र. आज ते डब्लिन शहरातल्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. तो म्हातारा होऊन, आपल्या राज्यात वारला. त्याची कबर खुलताबादला आहे आणि जवळच त्याच्या बायकोची, बीबी करीमाचीही.

अंबर हा काही एकटाच नव्हे. अहमदाबादची सिदी सैयद मशीद तुम्ही चित्रात पाहिली असेल. दगडात कोरलेलं झाड, त्याच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, अशी तिथली जाळी जगभर नावाजलेली आहे. ती मशीद १५७३ च्या सुमाराची, आणि बांधणारा सिदी सैयद हाही गुलामीतून वर आलेला हबशीच. आपल्या अगदी जवळचं सांगायचं तर उदगीरचा किल्ला. १६३६ साली मोगल फौजेनं त्याला वेढा दिला, तेव्हा किल्ला सिद्दी मिफ्ताह याच्या ताब्यात होता. आपण कुलूपकिल्ली घ्यायला ज्या उदगीरच्या बाजारात जातो, त्या गावाचा किल्ला एका हबशी सरदारानं लढवला होता.

आता जरा आणखी लांब जाऊ, दोन हजार वर्षांमागे, इटलीतल्या रोमन लोकांकडे. त्यांच्याकडे गुलाम फार होते आणि गुलामाला मुक्त करायची पद्धतही होती. मुक्त झालेल्याला नागरिकत्व मिळे आणि नावापुढे जुन्या मालकाचं घराण्याचं नाव लागे. धंदा करता येई, पैसा कमावता येई. पण गावच्या कारभारात, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या सभेत, त्याला बसता येत नसे. जन्म गुलामीतला, तो डाग राही. त्याच्या मोकळेपणी जन्मलेल्या मुलाला मात्र ती बंदी नव्हती.

पॉम्पेई नावाच्या गावात इसवी सन ६२ साली भूकंप झाला. इसिस या देवीचं मंदिर पडलं. ते पायापासून पुन्हा बांधलं गेलं आणि दारावर लेख लावला गेला, की हे मंदिर पोपिडियस सेल्सिनस यानं स्वखर्चानं बांधलं, म्हणून तो अवघा सहा वर्षांचा असूनही सभेनं त्याला फुकटात सभासद करून घेतलं. सहा वर्षांचं लेकरू मंदिर कुठून बांधणार? पैसा बापाचा, अँप्लियाटसचा. बाप मुक्त झालेला गुलाम. त्याला स्वतःला सभेत जागा नव्हती, म्हणून त्यानं लेकाच्या नावानं मंदिर बांधलं. मंदिरातल्या एका दालनाच्या फरशीत बापलेकांच्या नावांबरोबर कोरेलिया सेल्सा या बाईचंही नाव आहे. ती मुलाची आई असावी, असं अभ्यासक मानतात. आईचं नाव जमिनीवर का होईना, घातलं.

रोम शहरात युरिसासेस नावाच्या पाववाल्याची कबर आहे. तोही मुक्त गुलाम असावा, असं मानतात. त्यानं आपल्या कबरीवर लढाया कोरल्या नाहीत. धान्य दळणं, कणीक मळणं, पाव भट्टीत घालणं, टोपल्या तोलणं, हे सगळं चित्रांत कोरून घेतलं. ज्या कष्टानं वर आलो, तेच त्यानं मिरवलं. आपल्या पापड-शेवयांच्या गटांना हे ऐकून बरं वाटेल.

आणि आता एक बाई. तीही पॉम्पेईची, नाव नेवोलिया टायकी. तिच्या कबरीवरच्या लेखात ती आधी आपलं नाव सांगते. लगेच पुढे सांगते, की लूसियसनं मुक्त केलेली. म्हणजे मी गुलाम होते, हे ती लपवत नाही. मग सांगते, की ही कबर मी जिवंतपणी बांधवून घेतली, माझ्यासाठी, माझ्या नवऱ्यासाठी, आणि आम्ही दोघांनी मुक्त केलेल्या बायामाणसांसाठी. नवऱ्याला गावानं मानाचं आसन दिलं होतं, त्याचाही उल्लेख ती करते. बाजूला मोठं जहाज कोरलं आहे, शिडं गुंडाळणारे खलाशी आहेत. गावातल्या लोकांना काही वाटप चाललं आहे, असंही चित्र आहे. आणि वर, सगळ्यांच्या वर, खिडकीतून बघावं तसा एका बाईचा चेहरा आहे. तिचाच.

इसवी सन ७९ साली जवळच्या डोंगराचा ज्वालामुखी फुटला आणि ते गाव राखेखाली गाडलं गेलं. म्हणून हे लेख राहिले आणि आपल्याला वाचता आले.

रोमच्या मोठ्या घराण्यांतले लोक अशा माणसांना हसत. यांना कलेतलं काय कळतं, पैसा आला आणि दाखवायला लागले, असं म्हणत. आजही एखाद्या बाईनं स्वतःच्या कमाईतून घराला चांगला रंग दिला, दारावर नक्षी काढून घेतली, की गल्लीत हेच बोलतात. "लईच हवा आली." ही बोली दोन हजार वर्षं जुनी आहे, हे आता तुम्हाला कळलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. सुटलेल्या माणसानं सगळ्यांना सोडवलं, असं झालं नाही. चंगीजखान स्वतः गुलाम होता, आणि त्यानं अंबरला विकत घेतलं. अंबरच्या सैन्यातही गुलाम होते. नेवोलियाच्या घरातही होते, तिनं त्यांतल्या काहींना मुक्त केलं. आणि नहर खणणाऱ्या मजुरांची, दरवाज्याचा दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नावं कोणत्या दगडावर आहेत? ज्याच्या हाती पैसा आणि छिन्नीवाला, त्याचंच नाव राहतं. हे माहीत असू द्यावं आणि मगच दगड वाचावा.

आता त्या बाईकडे येऊ, जिच्याकडे परत यायचं आपण ठरवलं होतं. अंबरला जिनं मुक्त केलं ती. तिनं ते केलं नसतं, तर शहर नाही, दरवाजा नाही, नहर नाही. इतिहासाच्या पुस्तकांत तिची ओळख एवढीच, 'चंगीजखानाची विधवा'. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या पोराची दोन्ही नावं आपल्याला माहीत आहेत, चापूही आणि अंबरही. पेशव्याच्या बायकोचं एकही नाही.

मैत्रिणींनो, बायकांचं लग्न म्हणजे गुलामगिरी, असं आम्ही म्हणत नाही. पण नावाचं दुखणं आपल्याला नवं नाही. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. आईबापानं ठेवलेलं नाव माहेरीच राहतं. उखाण्यात आपण नवऱ्याचं नाव घेतो. भांड्यावर, पावतीवर, पायरीवर त्याचंच नाव जातं, वर्गणी आपल्या कोंबड्यांची असली तरी. कुणी वाईट हेतूनं करतं असं नाही. तशी सवयच पडून गेली आहे.

सवय बदलते, याची खूण आता कागदावर दिसते. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या लेकराच्या सरकारी कागदांवर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं ठरलं आहे. कोरेलिया सेल्साचं नाव फरशीवर होतं, आपलं आता दाखल्यावर आहे. गावच्या नमुना आठवर घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करता येते. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, तो कुणी घरी आणून देत नाही.

म्हणून गटांना आमचं सांगणं असं. पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीनं दोन गोष्टी सांगायच्या. एक, आपल्या घराच्या नमुना आठवर कुणाचं नाव आहे. माहीत नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन बघून यायचं. दोन, आपल्या आजीचं आणि पणजीचं माहेरचं नाव काय होतं. हे दुसरं सोपं वाटेल, पण करून बघा. कित्येकींना घरी जाऊन विचारावं लागेल, आणि ज्यांना विचारायचं त्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. विचारलेलं गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.

आणि गटानं काही दान केलं, शाळेची भिंत रंगवली, पाणपोई बांधली, मंदिराला फरशी घातली, तर पाटीवर 'महिला बचत गट' एवढंच लिहून थांबू नका. दहा जणींची दहा नावं घाला. पाटी थोडी मोठी होईल, रंगारी दोन पैसे जास्त घेईल. ते द्या.